शाप कुणी दिला यापेक्षा तो सुटला कसा

एका आईचा प्रश्न आहे. लेक सात वर्षांची. सिनेमातल्या राजकन्या पाहून झाल्या, आता तिला मूळच्या जर्मन परीकथा सांगायच्या आहेत, पण त्या भयंकर असतात असं कानावर आलंय. म्हणून तीन गोष्टी विचारल्यात: या कथांतली जादू आपल्या शाप-उःशापांहून वेगळी असते का, क्रूरतेचं काय करायचं, आणि सुरुवात कोणत्या कथेपासून करावी? मी जर्मन शिकवते आणि या कथा मूळ भाषेतून वाचून मुलांना मराठीत सांगत आले आहे, तेव्हा जरा सविस्तरच लिहिते.

जादूपासून सुरू करू. आपल्याकडे शापाला मालक असतो. दुर्वास रागावतात, गौतम रागावतात, समोरचा पाय धरतो, राग निवळतो आणि ज्या तोंडून शाप निघाला त्याच तोंडून उःशापही निघतो. अहल्येला शाप देणारे गौतमच तिला रामाची वाट पाहायला सांगतात. जर्मन कथेत ही सोय नाही. तिथली चेटकीण सहसा उःशाप देत नाही, आणि तिची विनवणी करायला कुणी जातही नाही. पुष्कळदा ती जादू करून कथेतून निघूनच जाते. पुढची सगळी कथा मग एकाच प्रश्नाभोवती फिरते: हा प्राणी पुन्हा माणूस कसा होणार, आणि त्यासाठी कुणाला काय मोजावं लागणार?

‘सहा हंस’ ही कथा घ्या. माझ्या मते ग्रिम बंधूंच्या, म्हणजे या जर्मन कथा गोळा करून छापणाऱ्या दोघा भावांच्या, संग्रहातली शापमुक्तीची सगळ्यात नेटकी कथा हीच. राजा जंगलात वाट चुकतो, एक म्हातारी त्याला वाट दाखवते, पण माझ्या मुलीशी लग्न कर या अटीवर. ही मुलगी आईकडून जादू शिकलेली. ती पांढऱ्या रेशमाचे छोटे सदरे शिवते, त्यांत जादू शिवून टाकते आणि सावत्र मुलांच्या अंगावर फेकते. सहाही मुलं हंस होऊन उडून जातात. राहते एक बहीण. ती त्यांना शोधून काढते, तेव्हा कळतं की रोज संध्याकाळी फक्त पाव तास ते हंसाची कातडी उतरवून माणूस होऊ शकतात. सुटकेची अट भाऊच तिला सांगतात: सहा वर्षं बोलायचं नाही, हसायचं नाही, आणि या काळात ताराफुलांचे सहा सदरे शिवायचे. तोंडून एक शब्द गेला की सगळं फुकट.

इथली बांधणी बघा. सदऱ्यानं बांधलं, सदऱ्यानंच सोडवायचं. बहीण झाडावर बसून शिवत राहते. दुसऱ्या एका देशाचा राजा तिला पाहतो आणि लग्न करून नेतो. तिला मुलं होतात. सासू एकेक मूल पळवते आणि झोपलेल्या सुनेच्या तोंडाला रक्त फासून ‘हिनंच खाल्लं’ असा आळ घेते. ती गप्प. एका शब्दानं स्वतःला वाचवू शकली असती, पण त्या शब्दानं भाऊ गेले असते. शेवटी तिला जाळायची शिक्षा होते आणि नेमका तोच दिवस सहा वर्षांतला शेवटचा असतो. सरणावर चढताना तिच्या हातावर सदरे आहेत, हंस झेपावत येतात, ती सदरे फेकते. फक्त शेवटच्या सदऱ्याची डावी बाही शिवून व्हायची राहिलेली. म्हणून धाकट्या भावाला डाव्या हाताच्या जागी हंसाचा पंखच राहतो.

या पंखासाठी मला ही कथा प्रिय आहे. कथा सांगणारीनं ती बाही पुरी करून टाकली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण अट म्हणजे अट. पाऊण काम झालं तर पाऊण माणूस. जर्मन कथेत जादूशी हुज्जत घालता येत नाही, तिला दयामाया नसते आणि खुन्नसही नसते. ती कायद्यासारखी चालते.

अट कळते कुठून, हेही पाहण्यासारखं आहे. शाप देणारा सांगत नाही, मग सांगतं कोण? ‘सहा हंस’मध्ये शापित भाऊ स्वतः सांगतात. ‘बारा भाऊ’ या तिच्याच धर्तीच्या कथेत अचानक शेजारी उभी राहिलेली एक म्हातारी सांगते. ‘योरिंडे आणि योरिंगेल’मध्ये ते स्वप्नात कळतं. ‘विश्वासू योहानेस’मध्ये दगड झालेला माणूसच बोलू लागतो. म्हणजे सुटकेचं ज्ञान नेहमी आडवाटेनं येतं, आणि ज्याला ते मिळतं तो साधासुधा असतो. नायक-नायिकांना स्वतःला जादू येत नाही. त्यांच्याकडे असतात ते कान, पाय आणि हट्ट.

‘योरिंडे’ची कथा तर मुलांना फार आवडते. घनदाट रानात एक जुना वाडा आहे. त्याच्या शंभर पावलांच्या आत जो येतो तो जागीच थिजतो, आणि कुमारिका असेल तर म्हातारी तिचा पक्षी करून पिंजऱ्यात घालते. असे सात हजार पिंजरे. योरिंडे बुलबुलासारखा गाणारा पक्षी, नाइटिंगेल, होते आणि योरिंगेल तिच्यासमोर दगडासारखा उभा राहतो. रडताही येत नाही, बोलताही येत नाही. पुढे त्याला स्वप्न पडतं, रक्तासारख्या लाल फुलाचं, ज्याच्या मधोमध मोती आहे. तो शोधत सुटतो आणि नवव्या दिवशी पहाटे फूल सापडतं; मोत्याच्या जागी दवाचा टपोरा थेंब. फूल घेऊन तो वाड्यात शिरतो. आता सात हजार पिंजऱ्यांतून आपली योरिंडे ओळखायची कशी? इथे गोष्ट थांबवून मुलांना विचारावं. कुणी म्हणतं हाक मारावी, कुणी म्हणतं गाण्यावरून कळेल. कथेतलं उत्तर फार व्यवहारी आहे: म्हातारी गुपचूप एक पिंजरा उचलून दाराकडे सटकताना दिसते. चोर स्वतःच माल दाखवतो. तो पिंजऱ्याला आणि म्हातारीला फूल लावतो, तिची जादू कायमची जाते. तिला जाळत नाहीत, मारत नाहीत. तेवढ्यावर भागतं.

ही कथा ग्रिमांनी कुणा आजीच्या तोंडून ऐकलेली नाही, हेही सांगून टाकते. योहान हाइनरिश युंग-श्टिलिंग यांच्या 1777 साली छापलेल्या आत्मचरित्रातून ती जवळपास तशीच उचलली आहे.

आता बेडूकराजा. ग्रिमांच्या कथेत राजकन्या बेडकाचं चुंबन घेत नाही. विहिरीत पडलेला सोन्याचा चेंडू काढून दिल्याबद्दल ती बेडकाला वाटेल ते वचन देते आणि चेंडू मिळताच पळून जाते. दुसऱ्या दिवशी बेडूक संगमरवरी पायऱ्यांवर पचपच करत दारात हजर. राजा मुलीला सांगतो, वचन दिलंस ना, मग पाळ. ती नाक मुरडत त्याला ताटात जेवू घालते, पण तो बिछान्यात घे म्हणाल्यावर तिचं डोकं फिरतं आणि ती त्याला उचलून भिंतीवर आपटते. खाली पडतो तो राजपुत्र. नंतर तो सांगतो की तिच्याशिवाय कुणीच त्याला त्या विहिरीतून सोडवू शकलं नसतं. म्हणजे सुटका करणारीला आपण सुटका करतोय याचा पत्ताच नव्हता! वचन पाळायला लावणारा बाप, आणि ते अर्ध्यावर मोडणारी मुलगी, दोघांचाही हात त्या सुटकेला लागतो. विद्वानांनी यावर पुष्कळ लिहिलं आहे. मुलांना मात्र भिंत पटकन पटते.

कातडी फाटल्याशिवाय आतला माणूस बाहेर येत नाही, हे सूत्र या कथांत पुन्हा पुन्हा येतं. ‘हान्स माझा साळू’मध्ये वरचं अर्धं अंग काटेरी प्राण्याचं आणि खालचं अर्धं मुलाचं असा नायक आहे. लग्नाच्या रात्री तो कातडी उतरवतो आणि चार माणसं ती झटकन आगीत टाकतात. तो मोकळा होतो, पण सगळं अंग भाजल्यासारखं काळं पडलेलं. मग राजवैद्य मलम लावून त्याला बरं करतो. जादूच्या कथेत मलम! ‘गाढवकुमार’मध्येही सासरा रात्री जावयाची गाढवाची कातडी जाळतो. ही कथा ग्रिमांना सुमारे 1200 सालच्या एका लॅटिन काव्यातून मिळाली. विक्रमादित्याच्या वडिलांची, गंधर्वसेनाची, कथा ज्यांनी ऐकली आहे त्यांना इथे ओळखीचं काही वाटेल.

शाप द्यायला चेटकीणच लागते असंही नाही. ‘सात कावळे’मध्ये मुलं बहिणीच्या घाईच्या बाप्तिस्म्यासाठी पाणी आणायला जातात, घडा विहिरीत पडतो आणि भीतीनं घरी परतत नाहीत. वैतागलेला बाप बोलून जातो, कावळे होवोत मेले! शब्द पुरा होतो न होतो तोच डोक्यावरून सात कावळे उडत जातात. ग्रिमांच्या संग्रहातली पहिलीच कथा, हीच बेडकाची, अशी सुरू होते की जुन्या काळी, इच्छा केली की ती फळत होती तेव्हा… आपल्याकडची आजी ‘वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो, वाईट बोलू नये’ म्हणते ना, तोच धाक.

आणि इथेच तुमच्या क्रूरतेच्या प्रश्नाशी येते. ‘सात कावळे’मध्येच पुढे बहीण भावांच्या शोधात जगाच्या टोकाला जाते. सूर्य फार तापट, चंद्र गारठलेला, चांदण्या मात्र प्रेमळ. त्या तिला काचेच्या डोंगराचं कुलूप उघडायला कोंबडीचं एक हाड देतात. तिथे पोचल्यावर कळतं, हाड हरवलंय. मग ती सुरी काढते, आपली करंगळी कापते, कुलपात घालते, दार उघडतं. बस. रक्त नाही, किंकाळी नाही, पुढच्या ओळीत एक बुटका ‘काय शोधतेस बाळ?’ विचारतो. स्विस अभ्यासक माक्स ल्यूटी यांनी 1947 च्या पुस्तकात हा प्रकार नेमका पकडला: या कथांतल्या माणसांना जणू खोली नसते, ती कागदातून कापल्यासारखी असतात, बोट तुटतं पण जखम होत नाही, बोलणारा लांडगा भेटला तरी कुणी दचकत नाही. म्हणून सांगताना एक पथ्य पाळावं. कथेत नसलेलं रक्त आपण घालू नये. आवाज खोल करून, डोळे मोठे करून करंगळी कापली की मूल घाबरतं. कोरडेपणानं सांगितलं की ते पुढच्या दाराकडे बघतं. मी दोन्ही करून पाहिलंय.

शिक्षांचं मात्र वेगळं आहे. हिमगौरीची सावत्र आई शेवटी तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचते. हे कोरडेपणानंही कोरडं होत नाही. ते सात वर्षांच्या मुलीला सांगायचं की नाही हे तुम्हीच ठरवा. मी लहानांना ‘आणि तिला तिची शिक्षा मिळाली’ एवढ्यावर सोडते. तशी काटछाट करताना अपराधी वाटून घेऊ नका. खुद्द ग्रिमांनी आयुष्यभर दुसरं काय केलं?

याकोब आणि विल्हेल्म ग्रिम हे हानाऊत जन्मलेले, कासेलमध्ये राहणारे, पेशानं ग्रंथपाल आणि भाषेचे अभ्यासक. पहिला भाग 1812 मध्ये आला, 86 कथांचा. दुसरा 1815 मध्ये. पहिला भाग आला तेव्हा कासेलमध्ये नेपोलियनच्या धाकट्या भावाचं राज्य होतं आणि याकोब त्याच्याच ग्रंथालयात नोकरीला होता. पहिलं पुस्तक टिपांनी भरलेलं, मुलांपेक्षा विद्वानांसाठीच. लोकांनी तक्रारी केल्या, मग विल्हेल्मनं हात फिरवायला सुरुवात केली ती 1857 च्या सातव्या आवृत्तीपर्यंत. 1812 च्या ‘रपुन्झेल’मध्ये मुलगी भाबडेपणानं विचारते, माझे कपडे अलीकडे घट्ट का होतायत? म्हणजे दिवस गेलेत. हे पुढे काढून टाकलं. त्या जागी ती ‘तुम्ही राजपुत्रापेक्षा जड का लागता’ असं चेटकिणीला बोलून बसते, ज्यानं मुलगी उगाच मठ्ठ वाटते. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीचा जीव घ्यायला टपलेली तिची सख्खी आई होती. 1819 पासून ती सावत्र झाली. हान्सेल आणि ग्रेटेलच्या आईलाही 1840 पर्यंत सावत्र करून टाकलं. आईपण वाचलं, सावत्र आया मात्र कायमच्या बदनाम झाल्या. थोडक्यात, विल्हेल्मची कात्री कामवासनेवर चालली, मारझोडीवर फारशी नाही.

खेड्यातल्या निरक्षर म्हाताऱ्यांकडून या कथा गोळा केल्या हा समजही असाच रंगवलेला. बऱ्याच कथा कासेलमधल्या सुशिक्षित, विशीतल्या मुलींनी सांगितल्या. विल्ड कुटुंबातली डोर्टशेन ही एक, जिच्याशी विल्हेल्मनं पुढे लग्न केलं. हासेनफ्लुग बहिणी या दुसऱ्या. त्यांचं आजोळ फ्रान्समधून आलेल्या ह्यूगनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट, लोकांचं. विल्हेल्मच्या मुलानं ‘म्हातारी मारी’ नावाच्या दाईचा उल्लेख केला होता आणि पिढ्यानपिढ्या सगळे तो मानत आले. 1975 मध्ये हाइन्झ रोलेके या अभ्यासकानं दाखवून दिलं की ती मारी म्हणजे विशीतली मारी हासेनफ्लुग. झोपलेल्या राजकन्येची कथा तिचीच, आणि ती कथा त्याआधी 1697 मध्ये फ्रान्समध्ये छापून झाली होती. खऱ्या अर्थानं लोकांतली म्हणावी अशी एक होती, डोरोथेआ फीमान, शिंप्याची बायको, कासेलच्या बाजारात माल विकायला येणारी. पण माहेर तिचंही ह्यूगनॉटच. आणि एक निवृत्त सैनिक होता, क्राउझे, जो जुन्या विजारींच्या बदल्यात कथा द्यायचा. मला तो फार आवडतो.

झोपलेल्या राजकन्येवरून आठवलं. उःशापाच्या सगळ्यात जवळ जाणारी जर्मन कथा हीच. सोन्याची ताटं बाराच, म्हणून तेराव्या शहाण्या बाईला आमंत्रण नाही; ती येऊन मृत्यूचा शाप देते. बाराव्या बाईचं वरदान अजून शिल्लक असतं, पण शाप रद्द करणं तिच्या हातात नाही, ती तो फक्त सौम्य करू शकते: मृत्यूऐवजी शंभर वर्षं झोप. आधी आलेले राजपुत्र काटेरी कुंपणात अडकून मरतात. शेवटचा येतो त्या दिवशी शंभर वर्षं पुरी झालेली असतात, काट्यांची फुलं होतात आणि वाट आपोआप मोकळी होते. त्याचं चुंबन आहे, पण त्याचं कर्तृत्व काय? तारीख. किंमत मोजली ती आधीच्यांनी.

किमतीचाच विषय निघाला आहे तर ‘विश्वासू योहानेस’ सांगायलाच हवी, कारण तिचा एक धागा थेट आपल्याकडे येतो. राजाचा सेवक योहानेस जहाजावर तीन कावळ्यांचं बोलणं ऐकतो: राजा-राणीवर तीन संकटं येणार, आणि जो कुणी हे उघड करील तो दगड होईल. तो न बोलता राजाला वाचवत जातो, राजाला संशय येतो, वधस्तंभाशी योहानेस खरं सांगतो आणि दगड होतो. पुढे दगड बोलतो: तू आपल्या दोन्ही मुलांची डोकी स्वतःच्या हातानं कापून रक्त मला लावलंस तर मी जिवंत होईन. राजा तसं करतो. योहानेस उठतो आणि मुलांची डोकी परत बसवतो. मुलं काही झालंच नाही अशी खेळू लागतात.

आता हे वाचा. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर दक्षिण महाराष्ट्राच्या दौऱ्यावर होते. त्यांची मुलगी मेरी हिला तिची आया अ‍ॅना लिबराटा डिसोझा कथा सांगायची. अ‍ॅनाचं घराणं मूळचं कालिकतचं लिंगायत, गोव्याजवळ येऊन राहिलेलं आणि तिथे ख्रिस्ती झालेलं. मेरीनं या कथा 1868 मध्ये लंडनला ‘ओल्ड डेक्कन डेज’ नावानं छापल्या. त्यातली राम आणि लक्ष्मण नावाच्या मित्रांची कथा (रामायणाशी संबंध नाही) म्हणजे सरळ योहानेसच. कावळ्यांच्या जागी घुबडं, संकटं तशीच, संशय तसाच, दगडही तसाच. पण सुटका बघा: आठ वर्षं जातात, राजाचं लहान मूल खेळता खेळता त्या पुतळ्याला बिलगतं, आणि लक्ष्मण जिवंत होतो. जर्मन कथेत बापानं मुलाचा गळा कापावा लागतो, दख्खनी कथेत मुलानं मिठी मारली की भागतं. अशा साम्यांवरून थेओडोर बेन्फाय यांनी 1859 मध्ये पंचतंत्राच्या भाषांतराबरोबर युरोपातल्या बहुतेक कथा भारतातून गेल्या असं मांडलं. आज इतकं सरसकट कुणी म्हणत नाही. मला स्वतःला कथा कुठून कुठे गेली यापेक्षा शेवट कुठे बदलला हे जास्त बोलकं वाटतं.

सुरुवातीचं विचारलंत. सात वर्षांच्या मुलीला आधी ‘फ्राउ होले’ सांगा. विहिरीत उडी मारली की खाली हिरवं कुरण, आणि एक म्हातारी जिची गादी झटकली की जगात बर्फ पडतं. हेसेन प्रांतात बर्फ पडू लागलं की लोक अजून तिचं नाव घेतात. मग ‘योरिंडे’, मग बेडूक. ‘सहा हंस’ आठ-नऊ वर्षांनंतर. सासूचा आळ त्याआधी नीट कळत नाही. ‘योहानेस’ त्याच्याही पुढे, आणि सांगाल तेव्हा अ‍ॅनाची कथा लागोपाठ सांगा. ‘जुनिपरचं झाड’ ही संग्रहातली कदाचित सगळ्यात थोर कथा आहे, पण त्यात सावत्र आई मुलाला मारून बापाला शिजवून वाढते. ती तुम्ही वाचा, लेकीला इतक्यात नको. ‘काट्यांतला ज्यू’ मात्र सरळ गाळा. ज्यूद्वेषानं भरलेली कथा आहे आणि जादूच्या सारंगीनं ती गोड होत नाही.

पुस्तकाचं म्हणाल तर 1857 च्या आवृत्तीवर कुणाचा हक्क उरलेला नाही. मार्गारेट हंट यांचं 1884 चं इंग्रजी भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं आणि ते बऱ्यापैकी प्रामाणिक आहे. 1812-15 ची पहिली आवृत्ती जॅक झाइप्स यांनी 2014 मध्ये इंग्रजीत आणली. ती आपल्या उशाशी ठेवा, आणि लेकीला रपुन्झेल सांगायची वेळ आली की कोणती वापरायची ते आधी ठरवून ठेवा, कारण कपडे घट्ट का झाले हा प्रश्न ती विचारणारच.